म्हातारी बोलली का?

मालन ढवळ्यांच्या डंकावर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या मुसळांवर, चटणी कुटून घ्यायची तर दोन गोष्टी सोसाव्या लागत. एक मिरचीचा ठसका, दुसरी मालनची जीभ. ठसक्याला नाकाशी पदर धरता येई. जिभेला काहीच धरता येत नसे. तरीही सन दोन हजार एकोणपन्नासच्या मार्चात आष्ट्यातल्या बायका तिच्याच दारात डबे घेऊन रांगेत बसल्या होत्या. बटण दाबलं की तयार चटणी पिशवीत टाकणारी दोन यंत्रं बाजारपेठेत आली होती, पण त्यांची चटणी पाटलांच्या घरी आणि कुंभारांच्या घरी सारखीच लागे. शिवाय त्या यंत्रांना पल्याडकथा सुचवता येत नव्हत्या.

पल्याडकथा हे नाव मालनचंच. इकडच्या जगातला माणूस मरतो नाहीतर हरवतो आणि भलत्याच जगात डोळे उघडतो, अशा त्या कथा. जपानी लोक त्यांना इसेकाई म्हणतात. तिकडं 'मांगा' नावाच्या चित्रकथांतून, नेटवर भागाभागानं येणाऱ्या कादंबऱ्यांतून त्यांचा डोंगर साचलेला. मालनची शाळा चौथीत सुटली होती आणि मराठीसुद्धा ती बोट ठेवून वाची. पण आता वाचायला लागतं कुठं? कानात दाणा घालायचा. तुरीएवढा तो दाणा जपानी, कोरियन, कुठल्याही भाषेतली कथा घेई आणि कानात मराठीत सांगे. चित्र असलं तर चित्राचंही वर्णन करी.

"सासरी नांदाय गेलीस न्हवं? त्येच त्ये," नवीन कुणी विचारलं की मालन सांगे. "डोळं उघडलं तर घर दुसरं, माणसं दुसरी, नाव बी दुसरं. फरक एवढाच, त्यात राक्षस असत्यात."

"ते इकडं बी असतात की," रांगेतून कुणीतरी म्हणे, आणि सगळ्या पदराआडून हसत.

कुणाला कोणती कथा द्यायची हे मालन डब्यात हात घालून ठरवी.

"तू ब्याडगी जास्त आणलीस. म्हंजे रंग पायजे, जाळ नको. तुला भुतांच्या शाळेत भात शिजवणाऱ्या पोराची कथा घे. कोरियातली हाय. ऐकणारी माणसं सगळ्या जगात सत्तर."

"आणि मला?"

"तुझी लवंगी. तुला मारामारी लागणार. पण त्या गाजलेल्याच्या नादी लागू नगंस. बाराशे भाग, तलवारी सतरा, बायका चार. आणि मेल्यापासनं एकदा तरी आईची आठवण काढली का त्यानं? न्हाई. असल्या पोराचं राज्य काय ऐकायचं?"

मालनची पारख एवढीच होती. नायक पल्याड गेल्यावर मागं राहिलेल्यांचं काय झालं, हे ज्या कथेत असे ती कथा चांगली. गाजलेल्या कथांत ते सहसा नसे. म्हणून ती आडबाजूच्या, दहा-वीस जणांनीच ऐकलेल्या कथा शोधत फिरे.

का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. तिचा एकुलता विश्वजित चार वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला होता. दिवसकार्य उरकल्यावर सुनेनं, लतानं, सासूला डोळा लागावा म्हणून स्वतःच्या कानातला दाणा काढून तिच्या कानात घातला. कथा सुरू झाली ती ट्रकनंच. पल्याडकथांतले निम्मे नायक ट्रकखालीच जातात, हे लताच्या ध्यानात आलं नव्हतं. ती घाबरून दाणा काढायला धावली तेव्हा मालननं तिचा हात धरला होता.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली होती. "पुढं काय झालं त्याचं, ते ऐकू दे."

तेव्हापासून चार वर्षं ती ऐकत होती. 'पल्याड' नावाचा तीनशे मराठी वेड्यांचा एक गट होता. तिथं ती बोलून निरोप टाकी, आणि तिनं सुचवलेली कथा लोक डोळे मिटून घेत. गटात तिचं नाव होतं सगुणा. असल्या गटात कुणी खऱ्या नावानं वावरत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. गंमत अशी की त्या तीनशेंत खऱ्या नावाची बहुतेक ती एकटीच होती. लग्नात अंगठीनं तांदळात 'मालन' लिहिलं गेलं, त्याच्याआधी ती सगुणा होती. त्या नावानं हाक मारणारा शेवटचा माणूस, तिचा थोरला भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली होती.

लताचंही तेच. तिचं माहेरचं नाव मृण्मयी. "नाव हाय का तोंडात खडा?" म्हणून मालननं तांदळात 'लता' लिहायला लावलं होतं. शिकलेली पोरगी, पण हसून 'बरं आत्या' म्हणाली होती.

*

त्या वर्षी होळीनंतर कोचीहून एक पत्र आलं. लतानं ते दगडफुलाच्या डब्यात लपवलं.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मालनला कळत होतं. पण आपल्या दगडफुलाच्या डब्यातलं पत्र दुसऱ्याचं कसं? तिनं ते फोनसमोर धरलं आणि दाण्यानं कानात वाचून दाखवलं. मसाले पारखण्याचं शिक्षण देणारी तिथली संस्था. दोन वर्षं, राहण्या-जेवण्याची सोय, पुढं काम. देशभरातून बारा जण निवडले, त्यात ही एक. पंधरा एप्रिलच्या आत होय की नाही ते कळवावं.

मालननं पत्र पूर्वीसारखं घडी घालून ठेवलं. चवीला पोरगी पक्की होती यात शंकाच नाही. डोळ्यांवर फडकं बांधून ती संकेश्वरी आणि गुंटूर मिरची नुसत्या वासानं वेगळी करी. पण ती गेली तर? या घरात विश्वजितचं नाव घेऊन भांडायला तरी कोण उरणार?

लता बोलेना. मालन विचारेना. 'राहा' म्हणणं म्हणजे पदर पसरणं, आणि मालननं आजवर देवापुढं सोडून कुठं पदर पसरला नव्हता. 'जा' म्हणायला तर जीभच वळत नव्हती. मग तिनं जे तिला येत होतं तेच केलं. कथा सुचवली.

कथा होती 'निळीच्या गावातली पाहुणी'. नेटवरची जपानी कादंबरी, भाग एकशेबारा, ऐकणारे एकेचाळीस. छत्रीच्या कारखान्यातली हारू नावाची मुलगी मरते आणि पल्याड एका गावात जागी होते. तिथं सगळे निळीनं कापड रंगवतात. एक म्हातारी रंगारीण तिला घरात घेते आणि नवं नाव देते: निळी. नवं नाव घेतलं की त्या जगात पाय रुजतात. जुन्या जगाकडं जाणारं दार एकाच गोष्टीनं उघडतं. पल्याडच्या कुणीतरी तिला तिच्या जुन्या नावानं, मनापासून हाक मारली पाहिजे. ते जुनं नाव एकट्या म्हातारीला ठाऊक असतं.

मालननं ऐकलं तेव्हा शेवटच्या भागात म्हातारी गप्पच राहिली होती. निळी दाराकडं बघते, मग हसते, दारावर ओलं कापड वाळत घालते आणि पुन्हा हौदाशी येऊन बसते. मालन त्या दिवशी तीन घाणे कुटेपर्यंत डोळे पुसत होती आणि मिरचीवर ढकलत होती.

"ही ऐक," तिनं लताला सांगितलं. "शेवटपर्यंत ऐक. मग बोलू."

*

लतानं आठवडाभर ऐकली. चाळता चाळता, भाजता भाजता ऐकली. आठव्या दिवशी सकाळी तिनं चुलीपुढं बसलेल्या मालनचे पाय धरले.

"आत्या, कळलं मला. तोंडानं सांगणं तुम्हाला जड गेलं असतं, म्हणून असं सांगितलंत. पत्र बघितलंत ना तुम्ही? मी आजच कळवते, येते म्हणून."

मालनच्या हातातली उलथणी तशीच राहिली. "कुठं येतीस?"

"कोचीला. म्हातारीनं हारू म्हणून हाक मारली, तिला कवटाळून दारापर्यंत नेलं, तसंच तुम्ही—"

"कोण म्हातारी बोलली?"

"रंगारीण."

"ती कुठं बोलली? ती गप ऱ्हाती. पोरगी ऱ्हाती तिथंच. कापड वाळत घालती दारावर!"

लता उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "आत्या, मी दोनदा ऐकलंय. दार उघडतं. म्हातारी रडते आणि हाक मारते."

"माझ्यापुढं खोटं बोलतीस?"

"खोटं मी? सुचवलंत तुम्ही. आता मी जाते म्हटल्यावर शब्द फिरवताय!"

"मालन ढवळेनं आजवर शब्द फिरवला न्हाई! जायाचं तर सरळ जा की. कथंच्या आड कशाला लपतीस?"

"लपलं कोण? 'राहा' म्हणायचं होतं तर ते सरळ म्हणायचं होतं!"

ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. त्या दिवसापासून घरात दोघी आणि आवाज एकच, डंकाचा. भाकरी ताटात पडे, शब्द पडत नसे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोघींनाही वाटत होतं की दुसरी धादांत खोटं बोलते आहे.

मालन चिडून गटावर गेली. "निळीच्या गावातली पाहुणी ऐकलेल्यांनी सांगा," तिनं निरोप टाकला. "म्हातारी बोलली का?"

सहा जणांनी ऐकली होती. अकोल्याच्या एकानं सांगितलं, म्हातारी मरते. पेणच्या दोघी बहिणींत एकीचं म्हणणं, दोघी मिळून दारातून जातात. दुसरीचं, दार जळतं. लातूरच्या मास्तरांच्या कथेत हारूला न्यायला तिचे वडील पल्याड आले होते. संध्याकाळपर्यंत सहा जणांनी एकमेकांना लबाड ठरवलं, दोघांनी गट सोडला, आणि एकानं लिहिलं की सगुणाआजींचं वय झालं, आता त्यांनी सुचवणं थांबवावं.

मालननं ते दाण्याकडून तीनदा वाचून घेतलं.

*

तिसऱ्या दिवशी मिरजेहून इरफान मोमीन आला. तोही गटातलाच, पन्नाशीचा. मिरजेत त्याचं कानाची यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. मालनचा दाणा बिघडला की त्याच्याकडंच जाई, म्हणून सगुणा म्हणजे कोण ते गटात त्या एकट्याला ठाऊक होतं. त्याच्या कथेत म्हातारी गाणं म्हणत होती.

"मालनताई, तुम्ही खोट्या नाही, तुमची सूनही नाही," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "तुमचा दाणा द्या जरा."

लता चाळणी घेऊन पलीकडं बसली होती. तिनं वर पाहिलं नाही, पण चाळणी थांबली.

"हा नुसता बोलतो असं वाटतं ना आपल्याला? हा ऐकतोही," इरफाननं दाणा तळहातावर ठेवला. "कानाच्या आत नाडी लागते, घाम लागतो. मेंदूतून ज्या बारीक विजेच्या लहरी उठतात, त्याही कानापर्यंत पोचतात. नको असलेला शब्द आला की अर्ध्या सेकंदाच्या आत ती लहर हलते. माणसाला कळायच्या आधी दाण्याला कळतं."

"मग कळू दे. त्याचं काय?"

"कुठल्याही वाक्याचं मराठी दहा तऱ्हांनी होतं. आधी एवढंच होतं, की ज्याला जे शब्द समजतात ते निवडायचे. मग कंपनीनं 'सुखद श्रवण' नावाची सोय घातली. दाणा घेताना आपण सगळ्यांनी न वाचता होय म्हटलंय तिला. आता तो दर वाक्याला तुमचं मन कुठं झुकतंय ते बघतो आणि तिकडचं वाक्य निवडतो. एका वाक्यात केसभर फरक. पण वाक्यं किती? चाळीस हजार."

मालनच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. इरफाननं डंकाकडं बोट केलं.

"समजा, तुम्ही दर मुठीला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत कुटताय. तोंड वाकडं झालं, मिरची कमी. हसलं, खोबरं जास्त. शेवटी उखळात काय उरेल?"

"तिला आवडणारी चटणी."

"आणि तुम्ही ठरवलेली?"

चाळीस वर्षांत मालननं गिऱ्हाइकाचं तोंड बघून एक मिरची कमी केली नव्हती.

"पर त्या गाजलेल्या कथा? त्या सगळ्यांना सारख्याच ऐकू येत्यात की."

"त्यांचं मराठी माणसांनी तपासून पक्कं केलेलं असतं. तिथं दाण्याला हलता येत नाही. आपल्या या आडबाजूच्या कथा कोण तपासणार? तिथं तो मोकळा. आणि मजकूर संपला, तरी ऐकणाऱ्याला संपायला नको असेल, तर हा स्वतःच्या मनानं पुढं सांगत राहतो."

"म्हंजे जेवढी कथा आडबाजूची, तेवढी ती खोटी?" मालनचा आवाज एकदम बसला. चार वर्षांत सुचवलेल्या सगळ्या कथा तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. भात शिजवणारा पोरगा. दर अमावास्येला आईसाठी पल्याडहून दिवा लावणारा तो शिपाई. तो तरी खरा होता का?

"बहुतेक खरीच असते. दोन-चार ठिकाणी ज्याची त्याची होते." इरफाननं पिशवीतून जुना, गिरणीच्या भोंग्यासारखा कर्णा काढला. "याला कान नाहीत. समोर वीस बायका बसल्या तरी कुणाची नाडी याच्यापर्यंत जात नाही. जे लिहिलंय तेच हा म्हणेल. लावू?"

रांगेतल्या बायका केव्हाच जवळ सरकल्या होत्या. मालननं लताकडं न बघता मान हलवली.

कर्णा खरखरला. एकशेबारावा भाग. तो ऐकताना मालनला जाणवलं, भाषा जरा कोरडी आहे, पण हात तेच आहेत, कोपरापर्यंत निळे. दार वाऱ्यानं किलकिलं होतं. निळी दाराकडं बघते, मग म्हातारीकडं बघते. म्हातारी हौदातून हात बाहेर काढते. थेंब गळतात. ती तोंड उघडते.

"यापुढे मजकूर नाही," कर्णा म्हणाला.

"म्हंजे?" लवंगीवाली ओरडली. "अगं, बोलली का न्हाई ती?"

"तोंड उघडून बसलीय नुसती!"

"लिहिणाऱ्याला धरून आणा इथं!"

मालनला वाटलं, भर बाजारात कुणीतरी आपल्या पोटातलं काढून सगळ्यांपुढं मांडलं. कापड वाळत घालणारी ती निळी कुठल्याही जपान्यानं लिहिली नव्हती. ती तिची स्वतःची होती.

"माझ्याच मनातलं चोरून मलाच ऐकवतोय मुडदा," ती दाण्याकडं बघून पुटपुटली.

लता जवळ आली. भांडणानंतर पहिल्यांदा तिचा आवाज मऊ होता. "म्हणजे मला जायचं होतं, हे त्याला कळलं, आत्या. मला स्वतःला नव्हतं कळलं." मग हातातली चाळणी खाली ठेवून म्हणाली, "आणि तुम्हाला मी हवी होते. तेही मला नव्हतं कळलं. मला वाटायचं, विश्वजितच्या जागी नुसती सवय झालीय तुम्हाला माझी."

मालननं नाकाला पदर लावला. डंक बंद होता, ठसक्याचं नाव सांगता येत नव्हतं.

"मी नाही म्हणून कळवते त्यांना," लता म्हणाली.

*

जे हवं होतं ते मिळालं होतं. मालननं त्या दिवशी मटणाचा रस्सा केला आणि तो घशाखाली उतरेना.

कथा दोन वर्षांपूर्वीच थांबली आहे असं सांगून इरफान जाताना कर्णा तिथंच ठेवून, लेखकाचा पत्ता शोधून देऊन गेला होता. मालननं निरोप बोलून पाठवला: "मी आष्ट्याची. डंक चालवते. तुमची म्हातारी दोन वर्षं तोंड उघडून उभी आहे. माझ्याकडं वीस बायका खोळंबल्यात. ती बोलली का?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. मालननं ते कानात घेतलं नाही, कर्ण्यावर लावलं. लिहिणारी बाईच निघाली. हिसाको, वय त्र्याहत्तर, एका लहान गावात छत्र्या दुरुस्त करणारी.

"एकेचाळीस जणांनीच ऐकलेली कथा थांबली, तर कुणाला कळणार, असं मला वाटलं होतं," तिनं लिहिलं होतं. "मी थांबले कारण मला ठरवता आलं नाही. म्हातारी बोलली तर ती एकटी पडते. नाही बोलली तर ती चोर ठरते, कारण नाव पोरीचं आहे. बिचारीचं तोंड दुखत असेल, हे मलाही कळतं. तुम्ही तिच्याच वयाच्या वाटता. तिनं काय करावं?"

चोर. मालनच्या मनात तो शब्द खड्यासारखा अडकला. मृण्मयी आपल्या घरी आली, तेव्हा आपण तिच्याकडून काय घेतलं होतं? एक नाव. आणि ते वापरलंही नाही, नुसतं ठेवून दिलं. स्वतःचं नाव गेलं तेव्हा आपल्याला कसं वाटलं होतं, ते एवढं पक्कं ठाऊक असताना.

दुसऱ्या दिवसापासून घाणा चालू असला की मालनचे ओठ हलत. मुसळांच्या दणदणाटात कुणाला ऐकू येत नसे. बायकांना वाटलं, म्हातारी जप करते आहे. म्रु. म्रुण. म्रुण्मई. जीभ अडखळे, ती मिरचीला शिवी देई आणि पुन्हा सुरू करी.

*

पंधरा एप्रिल उजाडला. लता उंबऱ्याशी फोन घेऊन बसली होती. नकाराचं उत्तर लिहून झालं होतं, पाठवायचं तेवढं राहिलं होतं. डंकात कुंभारांच्या सूनबाईचा घाणा होता.

मालननं खटका ओढला. मुसळं अधांतरी थांबली. अर्ध्या घाण्यात तिनं डंक थांबवल्याचं कुणीही पाहिलं नव्हतं.

"आत्या? काय बिघडलं?" लता उठली. "घाणा अर्धा आहे."

"असू दे अर्धा." मालननं हात झटकले. हात कोपरापर्यंत तांबडे होते. तिनं तोंड उघडलं आणि काही क्षण काहीच आलं नाही. कुंभारांची सूनबाई शिंकली आणि स्वतःलाच चूप म्हणाली.

"मृण्मयी," मालन म्हणाली.

अडखळली नाही. एकदाच, नीट.

लताच्या हातातला फोन खाली आला.

"ऐक. मला तू हितंच हवीस. दाणा खरंच बोलला, खोटं न्हाई. पर त्या मुडद्याला एवढंच कळतं, मला काय हवंय. मी काय करणार, ते त्याला न्हाई कळत. ते माझं मी ठरवती." तिनं फोनकडं बोट केलं. "ते 'न्हाई' पुसून टाक आणि 'व्हय' लिही. तिकडं जा, शीक. तुझ्या जिभेला हितं काय किंमत? हित्तं सगळ्या ठसकत्यात नुसत्या."

"आणि तुम्ही? डंक?"

"तुझ्या आधी तीस वर्षं कोण कुटत होतं, तुझा बाप? शेजारणी हायत, कर्णा हाय. रोज दोन भाग मोठ्यानं लावणार हाय मी. सगळ्या एकच ऐकतील आणि मग भांडतील. गटाला बी सांगितलंय, आता सगुणानं सुचवलेली कथा कर्ण्यावरच ऐकायची, निदान दोघांनी मिळून. मग कोण कुणाला लबाड म्हणतंय बघती." आवाज थोडा खाली आला. "एकच सांगती. मागं राहिलेल्यांची आठवण काढत जा. बाराशे भागांत एकदा तरी."

लता तिच्या गळ्यात पडली. लताची पांढरी साडी तांबडी झाली आणि मालन ओरडली, "अगं मिरची! डोळ्यात जाईल!" पण तिनंही सोडलं नाही.

*

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी कोचीची गाडी पकडायला इरफानची जीप दारात आली. मृण्मयीनं ट्रंक चढवली, दह्याचा चमचा तोंडात घेतला, वाकून नमस्कार केला.

"येते," ती म्हणाली. जीपमध्ये बसल्यावर तिनं मान बाहेर काढली. "येते हं, सगुणाबाई."

मालन दचकली. ते नाव खऱ्या आवाजात, उघड्या हवेत ऐकून नऊ वर्षं झाली होती.

"कुणी सांगितलं गं तुला?"

"तीनशे माणसं रोज त्या नावानं हाक मारतात. मी काय बहिरी आहे?"

"लई शानी झालीस! पोचल्यावर फोन कर! आणि तिकडचा मसाला बरा म्हणू नगंस, उगं चढतील ते!"

जीप वळणाआड गेली. मालन आत आली, फोन हातात घेतला आणि हिसाकोला निरोप बोलायला सुरुवात केली. रांगेतल्या बायका कान देऊन ऐकत होत्या.

"ताई, म्हातारी बोलली. मेली न्हाई त्यानं. आता तिचं तोंड मिटव आणि पुढचं लिही. हितं सगळ्या खोळंबल्यात."

तिनं पदर खोचला आणि डंकाचा खटका ओढला.